दहा मोजा, डॉक्टर!

आमच्या सेंटरमध्ये रेतीचा एक छोटा हौद आहे. मुलं त्यात हात घालून बसतात, डोंगर करतात, मोडतात, पुन्हा करतात. त्यामुळे संध्याकाळी घरी गेलो की माझ्या खिशातून रेती निघते, चष्म्याच्या घरातून निघते, एकदा तर चहाच्या कपातून निघाली. किस्सेही तसेच साठतात. मी ते मुद्दाम गोळा करत नाही. खिसा झटकला की पडतात!

ते लिहावेत की नाही, यावर मी तीन आठवडे विचार केला. वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय बालरोगतज्ज्ञ, दोन पदव्या इथल्या, एक विलायतेतली, आणि तरीही घरातून निघताना गॅस बंद केला का हे तीनदा बघणारा मी माणूस. केस पेपरवर निदान लिहिलं की त्यापुढं प्रश्नचिन्ह टाकायची मला सवय आहे. आमची स्पीच थेरपिस्ट शुभदा एकदा म्हणाली, "सर, आक्काताईंच्या वाढदिवसाच्या कार्डावर तुम्ही 'अभिनंदन?' असं लिहिलंय!"

तर असा मी. मुलांची आणि पालकांची नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसं घडलं तसं. बहुतेक.

सेंटर कोल्हापुरात राजारामपुरीत, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आहे. ज्यांना बोलायला उशीर होतो, ज्यांना एका जागी बसवत नाही, ज्यांना चारचौघांसारखं मिसळता येत नाही, अशी मुलं इथं येतात. मेंदूची वाढ होत असतानाच त्यांची घडण थोडी निराळी झालेली असते. आईच्या हातून काही चुकलेलं नसतं आणि कुणाची नजरही लागलेली नसते. हे मी रोज सांगतो. रोज कुणीतरी आई ते ऐकून पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकते.

*

आमच्या सेंटरचा एकच पक्का नियम आहे, तोही शुभदानं घातलेला. मुलाला प्रश्न विचारला की मनात दहा मोजायचे. तोवर तोंड बंद! या मुलांना शब्द ऐकू येतो, पण तो आत जाऊन उमगायला आणि उत्तर तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. आपण मोठी माणसं तीन मोजायच्या आत दुसरा प्रश्न टाकतो आणि बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दहा मोजूनही उत्तर आलं नाही, तर दोन कार्डं समोर ठेवायची. दूध की पाणी. हो की नाही. मूल एकावर बोट ठेवतं. ठेवलं की सगळ्यांनी "शाब्बास!" म्हणायचं आणि आवडीचा खाऊ द्यायचा.

या नियमात सगळ्यात जास्त वेळा नापास झालेला माणूस म्हणजे मी. "बाळा, हे काय आहे? चेंडू ना? लाल चेंडू? खेळायचं का?" चार प्रश्न, उत्तर शून्य! शेवटी शुभदानं मला पेन दातात धरून बसायला लावलं.

आक्काताई मात्र पहिल्याच दिवशी पास. आक्काताई म्हणजे आमच्याकडची झाडलोट आणि चहा बघणाऱ्या बाई. उचगावच्या, घरी दोन म्हशी. मूल समोर बसलं की त्या स्टुलावर बसून एक शब्द न बोलता निवांत वाट बघत. मी विचारलं, "तुम्हाला हे जमतं कसं?"

"डॉक्टर, म्हशीखाली बसल्यावर ती पान्हा सोडंस्तवर थांबायलाच लागतंय की! म्हैस काय तुमची एमडी बघून दूध देती व्हय?"

*

हा नियम पुढं अंगात इतका भिनला की घरीही सुटेना. बायकोनं एकदा विचारलं, "चहा घेणार का?" मी सवयीनं मोजायला लागलो. एक, दोन, तीन...

मी "हो" म्हणालो तेव्हा ती माझ्या वाटचा चहा घरी आलेल्या शेजारणीच्या कपात ओतत होती.

"तुमचे दहा मोजून होईपर्यंत इथं चहाची कॉफी होईल!"

*

आता जो किस्सा सांगतो त्यात हसण्यासारखं फार काही नाही. पण तो वगळला तर पुढचे सगळे अर्धवट राहतील.

सेंटर निघण्याआधी माझा साधा दवाखाना होता. ताप, जुलाब, लसी. बाहेरच्या बाकांवर कायम गर्दी. एका सकाळी नेसरीहून सुनीता नावाची तरुण आई आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टर, गौरी बोलत न्हाय. हाक मारली तर वळून बघत न्हाय. डब्याचं झाकण तेवढं गरगर फिरवत बसती."

सोबत तिचे सासरे होते. त्यांना सगळे आबा म्हणत. ते म्हणाले, "हिचा बापबी चार वर्सांचा होईस्तवर बोलत नव्हता. आता गप बस म्हटलं तरी बसत न्हाय!"

सगळे हसले. मीही हसलो. बाहेर पेशंट ताटकळले होते. मी चिठ्ठीवर दोनच शब्द लिहिले. "थांबा. बोलेल."

आयुष्यभर जिथं तिथं प्रश्नचिन्ह टाकत आलो आणि जिथं हवं होतं तिथंच टाकलं नाही!

माझ्या शब्दावर ती माणसं दीड वर्ष थांबली. साडेतीन वर्षांची गौरी पुन्हा समोर आली तेव्हा ही स्वमग्नता आहे, ज्याला आता सगळे ऑटिझम म्हणतात, हे कळायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. पहिल्या भेटीतच कान तपासायला पाठवायला हवं होतं, थेरपी सुरू करायला हवी होती. इतक्या लहान वयात मेंदू जे पटकन शिकतो, ते पुढं फार कष्टानं शिकवावं लागतं. तिचं ते दीड वर्ष मी खाल्लं.

सहा महिन्यांत दवाखाना बंद करून मी हे सेंटर काढलं. लोक विचारतात, "या वयात हा व्याप कशाला?" मी म्हणतो, "गरज होती." कुणाची, ते सांगत नाही.

सुनीतालाही कधी सांगितलं नाही. ती मला देवमाणूस म्हणते. तिनं तसं म्हटलं की मला लगेच चष्मा पुसावा लागतो.

*

गौरीचं निदान समजावून सांगायला मी आबांना आणि सुनीताला समोर बसवलं. कागदावर मेंदूचं चित्र काढलं. पेशी काढल्या, त्यांना जोडणाऱ्या तारा काढल्या, बाण काढले. वीस मिनिटं बोललो. सुनीता रडत होती. आबा कागद उलटा धरून बघत होते.

मग ते म्हणाले, "म्हंजे मोटर चांगली हाय."

"हो."

"हिरीत पाणीबी हाय."

"आहे ना! भरपूर आहे."

"फकस्त स्टार्टर येगळा बसलाय. आपल्या नेहमीच्या बटणानं चालू हुनार न्हाय."

मी पेन खाली ठेवलं. "आबा, अगदी बरोबर!"

आबा सुनेकडं वळले. "मग रडतीस कशाला गं? स्टार्टर येगळा हाय म्हणून कुणी हीर बुजवतंय व्हय?"

त्या दिवसापासून मी मेंदूचं चित्र काढत नाही. स्टार्टरच सांगतो. एकदा डॉक्टरांच्या परिषदेतही सांगितला. भाषण झाल्यावर एक तरुण डॉक्टर वही घेऊन आला. "सर, हे मॉडेल फार छान आहे. रेफरन्स मिळेल का?"

"मिळेल की," मी म्हणालो. "नेसरीची एसटी पकडा!"

*

खालची गिरणी सुरू झाली की गौरी दोन्ही कान दाबून भिंतीला डोकं आपटायची. आपल्याला जो आवाज नुसता आवाज वाटतो, तो यांतल्या काही मुलांना कानात खिळा ठोकल्यासारखा लागतो. गिरणीवाल्यांशी बोलणं भाग होतं आणि ते काम माझ्याकडं आलं.

गिरणीवाले बंडूअण्णा म्हणजे सहा फुटी माणूस, मिशांवर कायम पीठ. मी चार दिवस घरात तालीम केली. ते ओरडले तर काय म्हणायचं, तेही ठरवलं. शेवटी 'मा. महोदय' असा मायना घालून रीतसर अर्ज लिहिला आणि खाली गेलो.

अण्णांनी पट्टा थांबवला. अर्ज सावकाश वाचला. मग माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरकलो.

"डॉक्टर, आठ महिने वर पोरं रडत्यात. मला वाटलं, तुम्ही सुया टोचताय! जिना उतरून एकदा सांगायचं न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दाराला खडूनं लिहिलेली पाटी लागली. 'अकरा ते एक गिरणी बंद. वर पोरं शिकत्यात. कुरकुर करणाऱ्यांनी दुसरी गिरणी बघावी.'

*

उचगावची समृद्धी नऊ वर्षांची होती. शाळेतून तक्रार आलेली: लक्ष देत नाही, वस्तू हरवते, वर्गात फिरत राहते. अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी. मी वडिलांना माहिती विचारत होतो. दहा मिनिटांत वडील चारदा उठले. एकदा फोन घ्यायला, एकदा गाडीला किल्ली तशीच राहिली का बघायला, एकदा पंखा का वाजतोय ते बघायला आणि एकदा उगाच.

मी चाचरत म्हणालो, "हे कधी कधी घराण्यात असतं."

समृद्धीची आई शांतपणे म्हणाली, "ठावं हाय डॉक्टर. एकावर एक फ्री मिळालंय मला!"

शाळेतल्या बाईंना आम्ही सांगितलं, तिला वह्या वाटायचं काम द्या, फळा पुसायला लावा, म्हणजे हलणंही होईल आणि कामही. सोबत औषध द्यायचं ठरलं. वडिलांना धास्ती, "गोळीनं पोरगी गुंगीत ऱ्हाईल न्हवं?" मी म्हटलं, तिला गप्प करायला गोळी नाही, तिचं तिला थांबता यावं म्हणून आहे. त्यांना धीर दिला आणि स्वतः डोस तीनदा तपासला. चौथ्यांदा पुण्यातल्या एका मित्राला फोन करून तपासला.

सहा आठवड्यांनी समृद्धी आली. मी विचारलं, "काय गं, शाळेत कसं चाललंय?" आणि मोजायला लागलो. सात, आठ, नऊ...

समृद्धी डोळे मोठे करून म्हणाली, "डॉक्टर, बाई फळ्यावर रोज एवढं लिहितात व्हय?"

*

सुनीता गौरीला घेऊन आठवड्यातून दोनदा येते. नेसरीहून गडहिंग्लज, गडहिंग्लजहून कोल्हापूर, आणि तसंच परत. इतकी वर्षं! माझा एखादा दिवस पाय दुखले म्हणून चुकला असेल, तिचा नाही.

गौरीला गडहिंग्लजच्या गाडीत डावीकडची तिसरी खिडकीच लागते. दुसरीकडं बसवलं की किंचाळते. सुरुवातीला लोक सुनीतालाच बोलायचे, "पोरीला लय लाडावून ठेवलंय!" मी घाबरून एक सर्टिफिकेट लिहून दिलं. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, 'सदर बालिकेस डावीकडील तिसऱ्या खिडकीची वैद्यकीय गरज आहे.'

पुढच्या खेपेला विचारलं, "कंडक्टरला दाखवलंस का?"

सुनीता हसायला लागली. कंडक्टर म्हणे कागद न वाचताच म्हणाले, "ताई, हे ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी. मला कळत न्हाय व्हय?" आणि त्या जागेवर बसलेल्या माणसाला म्हणाले, "पावणं, उठा तिथनं. रिझर्वेशन हाय."

"कुणाचं?"

"आमच्या साहेबांचं! गाडी त्यांच्याच हुकमावर सुटती."

ते खोटंही नव्हतं. गौरी जागेवर बसली की खिडकीची काच तीनदा वाजवते. ती वाजवल्याखेरीज गाडी सुटली तर अस्वस्थ होते. म्हणून कंडक्टर तिच्या तीन टिचक्यांची वाट बघतात आणि मगच डबल बेल देतात.

एकदा गौरीला ताप होता, म्हणून सुनीता एकटीच औषधाला आली. गाडी भरली, वेळ झाली, तरी हलेना. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "आज साहेब आल्या न्हाईत. मग बेल कोण देणार?"

कुणीतरी म्हातारा उठला, डावीकडच्या तिसऱ्या खिडकीशी गेला आणि त्यानं काच तीनदा वाजवली!

*

गडहिंग्लजच्या पलीकडचं एक कुटुंब आलं होतं. घरात कन्नड, दारात मराठी, टीव्हीवर हिंदी आणि बालवाडी इंग्रजी. तीन वर्षांची नात बोलत नव्हती. कुणीतरी शहाण्यानं त्यांना सांगितलं, भाषांचा गोंधळ होतोय, कन्नड बंद करा. आणि आजीला कन्नडखेरीज काही येत नव्हतं! आठ महिने त्या बाईनं घरात नातीशी एक शब्दही बोललेला नव्हता.

शुभदानं विचारलं, "आधी हिच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलायचं?"

सगळ्यांनी कोपऱ्यात बसलेल्या आजीकडं पाहिलं.

"जास्त भाषांमुळे कुणाचं बोलणं अडत नाही. अडलंय ते का, ते आपण शोधू, थेरपीही करू. पण आजींना आधी बोलू दे!"

"कवापासनं?" आजीच्या मुलानं विचारलं.

"आत्तापासून!"

त्यानं कन्नडमधून आजीला ते सांगितलं. तिनं दोनदा खात्री करून घेतली. मग पदर सावरला, "बा, बा," म्हणजे ये, ये, असं म्हणत नातीला मांडीवर ओढलं आणि ती सुरू झाली. मी मोजत होतो. दहा झाले, शंभर झाले, दोनशेनंतर मी नाद सोडला. पाऊण तास! आणि नात मान वर करून आजीच्या तोंडाकडं बघत होती.

आमच्या रिपोर्टात पहिलीच ओळ होती, 'मूल नजर देत नाही.'

शुभदानं पेन काढलं आणि त्यापुढं लिहिलं, 'आम्हाला.'

*

गौरीला खाऊ काय द्यायचा, हा आमच्यापुढचा मोठा पेच होता. चॉकलेट थुंकायची, बिस्किट फेकायची. एके दिवशी तिनं सरळ आक्काताईंच्या डब्यात हात घातला. डब्यात भडंग, म्हणजे लसूण आणि लाल तिखट लावलेले चुरमुरे. गौरीच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं आणि तिनं दुसरी मूठ भरली!

शुभदानं लगेच भडंगाच्या फोटोचं कार्ड केलं. कार्ड हातात दे आणि भडंग घे. गौरीला ते जमेना. आम्ही आठवडेच्या आठवडे बसलो. ती कार्ड चाटायची, फिरवायची, कानाला लावायची. माझ्या मनात सारखं येई, हे दीड वर्ष आधी सुरू केलं असतं तर?

आणि एका दुपारी तिनं कार्ड उचललं. शुभदाला ओलांडून, मला ओलांडून, ती थेट मोरीपाशी गेली आणि फरशीचं फडकं पिळत असलेल्या आक्काताईंच्या ओल्या हातात तिनं ते ठेवलं. त्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा माणसाकडं काहीतरी मागितलं!

शुभदा रडायला लागली. मी चष्मा काढला. आक्काताई ओरडल्या, "रडताय काय दोघं? डबा आणा आधी! मागितलंय पोरीनं!"

पहिला शब्द यायला आणखी बराच काळ गेला. गौरी सात वर्षांची होती. एक कोडं तिनं बरोबर जुळवलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आत स्वतःच स्वतःला म्हणाली, "शाब्बास!"

आई नाही, पाणी नाही. आम्ही सगळ्यांनी हजारदा म्हटलेला तोच एक शब्द. पुढच्या खेपेला सुनीता सांगत होती, "डॉक्टर, आमच्या घरात आता कुणाला कशाची कमी न्हाय. भाकरी फुगली, शाब्बास. म्हस आली, शाब्बास. काल आबा शिंकले, त्यास्नीबी शाब्बास!"

आज गौरी अकरा वर्षांची आहे. तीसेक शब्द बोलते. बाकीचं सगळं कमरेला लटकवलेल्या कार्डांच्या फाइलमधून. चमत्कार वगैरे काही झालेला नाही. पण तिला काय हवंय ते ती सांगते, आणि नको असेल तर तेही ठणकावून सांगते. आणि तिची आई आता आमच्याकडं येणाऱ्या नव्या आयांना शिकवते. माझ्या तीन पदव्यांनी जे होत नाही, ते तिच्या अर्ध्या तासानं होतं. मी कडेला बसून ऐकतो. अभिमान वाटतो, आणि आपल्याला तो बाळगायचा हक्क आहे का, असंही वाटतं.

*

गेल्या महिन्यातली पालकसभा. सकाळचे अकरा, खाली गिरणी बंद. पंधरावीस पालक सतरंजीवर बसलेले, समोर सुनीता, शेजारी गौरी. मी खुर्चीत, माझ्यापुढं टेबल. आक्काताई चहाचा ट्रे आणि त्यावर आपला भडंगाचा डबा घेऊन दारात.

राधानगरीकडची एक नवी आई पुढं बसली होती. मांडीवर दोन वर्षांची मुलगी. ती आईच्या हातातली बांगडी गरगर फिरवत होती. शुभदानं नावानं हाक मारली, तर तिनं पाहिलं नाही.

ती आई म्हणाली, "आमच्यात सगळी म्हणत्यात, थांब जरा. बोलंल. लहान हाय अजून. थांबू का मी?"

सुनीतानं पिशवी पुढं ओढली. ती उघडली. आतून प्लॅस्टिकची एक थैली काढली. थैलीतून गौरीचं लसीकरणाचं कार्ड काढलं आणि कार्डाच्या घडीतून एक पिवळा पडलेला कागद. मी लांबूनच ओळखला. अक्षर माझं होतं.

तिनं तो मोठ्यानं वाचला. "थांबा. बोलेल." मग म्हणाली, "ही चिठ्ठी आमच्या डॉक्टरांची हाय. गौरी अशीच दोन वर्सांची हुती तवाची."

सतरंजीवर कुजबुज झाली. सुनीता माझ्याकडं वळली.

"नऊ वर्सं जपून ठेवलीया, डॉक्टर. रागानं न्हाय. तुम्ही कवातरी आपणहून सांगशिला म्हणून. आता ह्या बाईला काय सांगू मी? तवा तुमचं चुकलं हुतं का?"

माझ्यापाशी वाक्यं तयार होती. नऊ वर्षं तयार होती. प्रत्येक मूल वेगळं असतं. त्या वेळची परिस्थिती. घराण्यात उशिरा बोलण्याचा इतिहास होता. यांतलं एकही तोंडापर्यंत येईना.

कुणी मदतीला आलं नाही. शुभदा गप्प. आक्काताई ट्रे धरून तशाच उभ्या. सुनीताही गप्प. आणि मग माझ्या लक्षात आलं, ही सगळी माणसं मनात मोजतायत!

गौरी माझ्या टेबलापाशी आली. तिनं दोन्ही मुठी माझ्यासमोर धरल्या आणि एकेक बोट उघडायला लागली. सावकाश. मध्ये एकदाही न चुकता. दहावं बोट उघडलं. मी तसाच बसलेलो.

तिनं कमरेची फाइल उघडली. दोन कार्डं काढली आणि माझ्यापुढं नीट शेजारी शेजारी मांडली. एक हिरवं, 'हो'. एक लाल, 'नाही'.

मी हिरव्यावर बोट ठेवलं.

"शाब्बास!" गौरी म्हणाली, आणि आक्काताईंच्या डब्यातलं चिमूटभर भडंग तिनं माझ्या तळहातावर ठेवलं.